गाडीत पाणी येतं कुठून?

जुलैतल्या एका सकाळी मागच्या सीटखाली छत्री ठेवायला वाकलो आणि हाताला कार्पेट गार लागलं. दाबून पाहिलं तर बोटांवर पाणी आलं. छत कोरडं, काचा कोरड्या, पुढचे दोन्ही मॅट कोरडे. ओल होती ती फक्त मागच्या डाव्या बाजूला, पायाशी. एका गॅरेजात मागच्या दाराची बीडिंग बदलून घेतली. आठवड्याने पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन फिरवून दिलं. ओल होती तिथेच राहिली. शेवटी रे रोडच्या बाजूला पत्र्याचं काम करणाऱ्या एका वयस्क डेंटरकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी दार उघडण्याआधीच विचारलं, "रात्री गाडी कुठं लावता? तोंड चढावाकडं असतं की उताराकडं?"

मी माझगावात राहतो. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आणि त्याच्या खाली भंडारवाड्याचा जलाशय. तिथून रस्ते डॉकयार्ड रोड स्टेशनाकडे उतरत जातात. माझी गाडी रस्त्याच्या कडेला, तोंड टेकडीकडे करून उभी असते. चाचांनी कार्पेट उचलून खालचं पाणी फडक्याने टिपून घेतलं आणि म्हणाले, "आज रात्री उलटी लावा. सकाळी हात लावून सांगा."

रात्रभर पाऊस झाला. सकाळी मागची बाजू होती तशीच कोरडी, आणि पुढे डाव्या बाजूला, डॅशबोर्डाखाली, चिखलट ओल. पाणी पुढून शिरत होतं आणि पत्र्याच्या खोबणींतून कार्पेटखालून वाहत मागे जाऊन साचत होतं. मागच्या दाराचा त्यात काही संबंधच नव्हता. पुढे मूळ कारण सापडायला अर्धा तास पुरला. त्याआधी मी दोन महिने आणि दोन दुरुस्त्यांचे पैसे घालवले होते. त्या पावसाळ्यात जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण आमच्यासारख्या वस्तीत बहुतेकांच्या गाड्या चारही महिने उघड्यावरच असतात.

आधी पाणी ओळखा

गाडीत सापडलेलं पाणी पावसाचंच असेल असं नाही. पांढरा टिश्यू पेपर ओलीवर दाबा आणि उजेडात बघा.

पावसाचं पाणी वाटेतली धूळ घेऊन येतं. टिश्यूवर मातकट कडा उमटते आणि वासही मातीचा, कुजक्या पानांचा येतो. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं, आणि ते कोरड्या मार्चमध्येही सापडतं. मागच्या काचेला वायपर असलेल्या गाड्यांत काच धुण्याच्या पाण्याची बारीक नळी पुढून मागे आतूनच गेलेली असते. तिचा सांधा निसटला तर डिकीत किंवा छताच्या कापडावर साबणाचं पाणी उतरतं. हे पाणी बोटांत चोळलं की फेसाळतं.

चौथं पाणी म्हणजे कूलंट. ते हिरवं, गुलाबी किंवा निळसर असतं, हाताला चिकट लागतं, वास गोडसर येतो. पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि बॉनेटखालच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते. डॅशबोर्डामागच्या हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे, असा याचा अर्थ. या कामाला ताबडतोब गॅरेजात जावं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असल्याने मांजरं-कुत्री ते चाटतात. जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने धुऊन काढा. हात तोंडाला लावू नका.

वायपरखालचं गटार

माझ्या गाडीचं दुखणं इथेच होतं, आणि मुंबईत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत सर्वांत आधी इथेच बघावं असं माझं ठाम मत झालं आहे.

पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरच्या दांड्यांखाली काळी प्लॅस्टिकची जाळी असते. तिच्याखाली गाडीच्या रुंदीएवढी पत्र्याची पन्हळ असते. काचेवरून ओघळणारं सगळं पाणी या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून, मडगार्डच्या मागून, चाकांजवळ खाली जातं. याच पन्हळीतून आतल्या ब्लोअरला बाहेरची हवाही मिळते. म्हणजे गाडीच्या आत जाणारी मोठी वाट याच गटाराच्या काठावर आहे.

किती पाणी जातं याचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. कुलाबा वेधशाळेत पावसाळ्यात सरासरी २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मोजला जातो. काचेवर आणि तिच्या आजूबाजूला एक चौरस मीटरभर पाऊस पडतो असं धरलं, तरी एका मोसमात या पन्हळीतून दोन हजार लिटर पाणी वाहतं. ती भोकं बोटाएवढीच असतात.

आता आमच्या रस्त्यावरची झाडं बघा. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर. तिन्हींची पानं संयुक्त, पर्णिका लहान. पिंपळाचं पान जाळीवर अडकतं. या पर्णिका मात्र जाळीच्या फटींतून सरळ आत उतरतात. एप्रिल-मेमध्ये सोनमोहराच्या पाकळ्यांचा पिवळा सडा पडतो, गुलमोहर फुलतो, पर्जन्यवृक्षाचे गुलाबी तुरे झडतात. पावसाच्या तोंडावर ही सगळी रास पन्हळीत जमते, पहिल्या सरींत भिजून तिचा लगदा होतो आणि तो भोकांवर बसतो. पाणी तुंबतं, पातळी चढते आणि पहिली फट सापडेल तिथून आत येतं.

माझ्या गाडीत ती फट माणसाने केलेली होती. कधीतरी जादा हॉर्न बसवताना वायर आत घेण्यासाठी कोणीतरी पत्र्याच्या भोकातला रबरी ग्रोमेट ब्लेडने कापला होता. पन्हळ मोकळी असती तर पाणी त्या उंचीला पोचलंच नसतं. चाचांनी जाळी काढली तेव्हा दोन मुठी भरून काळा लगदा निघाला आणि त्यात एक छोटं रोपही रुजलेलं होतं. लगदा काढला, नवा ग्रोमेट बसवला. काम संपलं.

हे घरीही करता येतं. बॉनेट उघडा, जाळीच्या टोकांना बोट किंवा जुना टूथब्रश घाला. पानं वरून ढकलू नका, उचलून काढा. ढकललेली पानं मडगार्डच्या आत जाऊन आणखी खाली अडकतात. मग एक तांब्या पाणी हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. दोन्ही पुढच्या चाकांच्या मागे धार पडायला हवी. एका बाजूला पडली नाही, तर त्या चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर काढून साफ करावं लागेल. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनला पोचतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात हे एकदा करा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला बघत राहा.

दाराच्या पोटातलं पाणी

दारात पाणी शिरतंच, आणि ते शिरावं अशीच रचना असते. खिडकीची काच खालीवर होते तिथली बाहेरची रबरी पट्टी सगळं पाणी अडवू शकत नाही. उरलेलं पाणी दाराच्या पोकळीतून उतरतं आणि खालच्या कडेच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. आत येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या पॅनलमागे एक प्लॅस्टिकचा पडदा काळ्या चिकट ब्युटाइलने चिकटवलेला असतो.

बिघाड दोन तऱ्हांनी होतो. एक म्हणजे खालची भोकं मातीने बुजतात. दार हलवलं की पोटात पाणी खळखळल्याचा आवाज येतो. काडीने भोकं मोकळी करा, बस्स. दुसरी तऱ्हा जास्त वेळा दिसते: स्पीकर बसवताना किंवा काच वरखाली करणारी मोटर बदलताना पडदा फाडला जातो, किंवा तसाच लोंबकळत ठेवून वर पॅनल ठोकून देतात. पुढच्या पावसात स्पीकरच्या कडेने पाणी आत उतरतं. दाराचं काम करून घेतल्यानंतर त्याच बाजूला ओल आली, तर आधी हाच संशय घ्या. पॅनल काढून पडदा नव्या ब्युटाइल टेपने चिकटवणं स्वस्तातलं काम आहे. पडद्याचं खालचं टोक दाराच्या आतल्या बाजूला, खाचेत गेलं पाहिजे, म्हणजे त्यावरून ओघळलेलं पाणी पुन्हा पोकळीतच पडेल.

दाराच्या चौकटीवरची बीडिंग तपासायला दहा रुपयांची नोट पुरते. नोट बीडिंगवर ठेवून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी घट्ट यायला हवी. एखाद्या जागी अलगद सुटली, तर तिथे बीडिंग दबली आहे किंवा दारच ठोकरीमुळे किंचित बाहेर आलं आहे. दार बाहेर आलेलं असेल तर नवी बीडिंग घालूनही पाणी थांबत नाही. आधी दार बसवून घ्यावं लागतं.

पुढची काच

जुन्या प्रीमियर पद्मिनीत पुढची काच जाड रबराच्या चौकटीत बसवलेली असे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीने मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक दशकं काढली. तारदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या गाडीचं रबर उन्हाने कडक होऊन कोपऱ्यांत आक्रसलं की पाणी थेट डॅशबोर्डावर येई. रोग डोळ्यांना दिसे आणि रबर बदललं की बरा होई.

आताच्या गाड्यांत काच पॉलियुरेथेनने पत्र्याला चिकटवलेली असते. वरची काळी पट्टी नुसती शोभेची. ती फाटली म्हणून पाणी आत येत नाही. पाणी येतं ते काच बदलताना चिकटद्रव्याची धार मध्येच तुटली असेल किंवा खालच्या पत्र्याला गंज धरला असेल तर. अशा काचेवर बाहेरून सिलिकॉन फिरवणं म्हणजे दुखणं झाकणं. काच काढून, गंज घासून, प्रायमर मारून पुन्हा चिकटवणं हाच इलाज आहे. आणि हे काम नीटच व्हायला हवं, कारण अनेक गाड्यांत डाव्या सीटपुढची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते. चिकटवल्यावर सांगितलेले तास गाडी हलवू नका, एक खिडकी थोडी उघडी ठेवा आणि दारं आपटू नका. आतल्या हवेच्या दाबाने ओला सांधा सुटतो.

एसीचा थेंब

दमट दिवसात एसी लावून गाडी उभी केली की खाली थोड्याच वेळात पाण्याचं थारोळं व्हायला हवं. ते चांगलं लक्षण आहे. थारोळं दिसत नाही आणि डाव्या बाजूचा पुढचा मॅट मात्र ओला आहे, तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली आहे. ती बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूने, इंजिनामागच्या पत्र्यातून बाहेर येते. धूळ, चिखल, कधी किड्यांचं घरटं तिच्या तोंडाशी बसतं. खालून मऊ वायर अलगद घातली की भस्सकन पाणी येतं. टोकदार सळई घालू नका. आतल्या एसीच्या जाळीला भोक पडलं तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

सनरूफ आणि डिकी

सनरूफ कधीच पूर्ण जलरोधक नसतं. त्याच्या भोवती एक चौकट असते, आत आलेलं पाणी ती गोळा करते आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खांबांच्या आतून खाली सोडते. नळी तुंबली की पाणी छताच्या दिव्यातून किंवा खांबाच्या पट्टीमागून गळतं. इथेही उतार बघा: तोंड चढावाकडे असेल तर सगळा भार मागच्या दोन नळ्यांवर येतो. साफ करायला नायलॉनची जाड दोरी हळूहळू सरकवा. गॅरेजातली जोराची हवा मारू देऊ नका, आतल्या आत नळी सांध्यातून निसटते आणि मग छताचं कापड उतरवावं लागतं.

डिकीत स्टेपनीखाली पाणी दिसलं तर मागच्या दिव्यांमागचं स्पंज गॅस्केट बघा. मागून कोणी ठोकलेली गाडी असेल तर पत्र्यांच्या सांध्यावरचं सीलंट भेगाळलेलं असण्याची शक्यता मोठी. बंपरच्या आत, दोन्ही कोपऱ्यांत रबरी पडद्यांच्या झडपा असतात. दार लावताना आतली हवा त्यांतूनच बाहेर जाते. त्यांची कडही पाहून घ्या.

पाणी घालून शोधताना

पावसात उभं राहून गळती सापडत नाही, कारण तेव्हा सगळीकडूनच पाणी येत असतं. गाडी आधी पूर्ण कोरडी करा. संशयित बाजूचं कार्पेट आणि पट्ट्या काढून पत्रा उघडा करा. सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. पाणी उतरलं की पावडरीत त्याची वाट उमटते. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवा.

मग पाणी घाला, पण खालून वर जात. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेचा तळ, मग काचेच्या बाजू, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्या फटींवरून जातो आणि काहीच कळत नाही. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटं थांबा. आमच्याकडे पाइप लावायची सोय नाही आणि पाणी ठरल्या वेळीच येतं. मी दोन लिटरच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून घेतो. मंद धार इथे जास्त कामाची. धुलाई केंद्रातल्या जोराच्या फवाऱ्याने धडधाकट बीडिंगमधूनही पाणी आत जातं.

पाणी न घालता करायची एक युक्ती आहे. काचा लावा, ब्लोअर बाहेरच्या हवेवर आणि सर्वांत जोरात ठेवा, मग बाहेरून काचेच्या आणि दिव्यांच्या कडांना साबणाचं पाणी लावा. फट असेल तिथे बुडबुडे येतात. काच नुकतीच बदललेली असेल तेव्हा ही तपासणी गॅरेजमध्येच, पैसे देण्याआधी करून घ्यावी.

कशाने बुजवायचं

फट सापडेपर्यंत काहीही लावू नका. लावलेलं सीलंट पाण्याची वाट बदलतं आणि पुढचा शोध अवघड होतो. माझ्या काचेवरचं सिलिकॉन खरवडायला चाचांना मूळ दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला.

पत्र्याच्या सांध्याला पॉलियुरेथेन सीलंट, दाराच्या पडद्याला ब्युटाइल, भोकाला त्याच मापाचा रबरी ग्रोमेट किंवा बूच. हार्डवेअरच्या दुकानातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला लावू नका. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, त्याने गंज धरतो, आणि नंतर त्यावर रंगही बसत नाही. एम-सील पाइपाच्या जोडाला उत्तम, पण ते कडक होतं आणि गाडीचा पत्रा खड्ड्यांतून चालताना सतत थोडा पिळवटतो. मग त्याला चीर जाते. बीडिंग मऊ ठेवायला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात पुरे. रॉकेल किंवा इंजिन ऑइल लावलं की रबर फुगतं. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत ग्रोमेट, क्लिपा, बीडिंग मिळतात. जुना तुकडा सोबत न्या, माप सांगत बसण्यापेक्षा ते बरं.

सुकवणं अर्ध्यावर सोडू नका

कार्पेटखाली जाड फोम असतो. वरून कार्पेट कोरडं लागलं तरी तो महिनाभर पाणी धरून ठेवतो, आणि त्या काळात जमिनीचा पत्रा, सीटचे बोल्ट, वायरचे सांधे गंजत राहतात. आमच्याकडे बंदरावरून खारा वारा येतो, त्याने हे आणखी लवकर होतं. अनेक गाड्यांत कार्पेटखालून किंवा डॅशबोर्डाखालून वायरिंगचे मोठे सांधे जातात. अचानक बंद पडणारं सेंट्रल लॉकिंग किंवा आपोआप वाजणारा हॉर्न यांचं मूळ पुष्कळदा तिथल्या हिरवट पडलेल्या पिनांत सापडतं.

सीट काढायची असेल तर आधी बॅटरीची तार सोडवून काही मिनिटं थांबा. सीटखालचे पिवळे सांधे एअरबॅगचे असतात. ते सवयीच्या माणसाकडूनच काढून घ्या. फोम बाहेर काढता आला तर पंख्याखाली उभा करून सुकवा. काढता येत नसेल, तर व्हॅक्यूमने पाणी ओढा, कार्पेटखाली लाकडी ठोकळे घालून ते अधांतरी ठेवा आणि टेबलफॅन लावा. पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवून काही सुकत नाही, बाहेरची हवाच ओली असते. त्यापेक्षा काचा लावून, आतलीच हवा फिरवत एसी चालवा. तो हवेतला दमटपणा काढून घेतो. हे मोकळ्या जागेत करा, बंद गाळ्यात इंजिन चालवू नका. शेवटी फोमखाली वर्तमानपत्र ठेवा. दोन रात्री ते कोरडं राहिलं तरच कार्पेट बसवा. प्लॅस्टिकचं कव्हरही तोवर घालू नका, आतली वाफ आतच राहते.

पाणी खालून आलं असेल तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यात त्याच दिवशी ७४ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरात एका टोकाच्या गाड्या बुडाल्या आणि दुसऱ्या टोकाच्या नुसत्या भिजल्या. सखल हिंदमाता भागासाठी पाणी साठवायच्या भुयारी टाक्या झाल्या, रे रोडला ब्रिटानिया उदंचन केंद्र उभं राहिलं, तरी मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की सखल रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचतं. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी चावी फिरवून सुरू करू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या. आत आलेलं पाणी गटाराचं असतं, त्यामुळे फोम वाचवण्याच्या फंदात न पडता तो बदलून टाका.

जुनी गाडी विकत घेताना हाच इतिहास शोधायचा असतो. चकचकीत पॉलिश आणि अत्तराच्या डबीकडे लक्ष देऊ नका. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. धुलाई करणारा सहसा तिथपर्यंत पोचत नाही, आणि बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहून जाते. सीट मागे सरकवून बोल्टांची डोकी बघा. स्टेपनी उचलून खाली हात फिरवा. मग कार्पेटचा कोपरा उचलून फोम मुठीत दाबा आणि हाताचा वास घ्या.